पुसण्याआधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की काय करावे, याचे सल्ले हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळतात. जुने फोटो उडवा, ब्राउझरची कॅश साफ करा, एखादा ‘क्लीनर’ टाका. यातला एकही सल्ला पहिल्या क्रमांकावर यायला नको. ब्राउझरची कॅश थोड्याच दिवसांत पुन्हा भरते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने जागा नावापुरतीही सुटत नाही. उलट नको ती नोंद गेली, तर चालता प्रोग्रॅम बंद पडतो. आणि मोबाइलवर काढलेले दोन-अडीचशे फोटो पुसले, तरी जेमतेम एक जीबी हाती लागतो. कुठेतरी विसरून राहिलेला एखादा व्हिडिओ एकटाच त्याहून मोठा असतो.

पहिले काम मोजण्याचे. विंडोज 10 व 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने गेले की कशाने किती जागा अडवली आहे, ते ढोबळमानाने कळते. फोल्डरनिहाय हिशेब हवा असेल तर विनडरस्टॅट (WinDirStat) किंवा विझट्री (WizTree) हा प्रोग्रॅम वापरावा. तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडावा, नाहीतर काही फोल्डर मोजणीतून सुटतात आणि बेरीज जुळत नाही. (512 जीबीची डिस्क विंडोज 476 जीबी दाखवते, तो काही विक्रेत्याचा घोटाळा नव्हे. डिस्क बनवणारे एका जीबीत शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज 1,07,37,41,824 धरते.)

मोजणी झाली की बहुतेकदा ठरावीक मंडळी सापडतात. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहते आणि वीस-वीस जीबी अडवते. हा फोल्डर साध्या डिलीटने जात नाही. स्टोरेजमधील ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करावी लागते. मात्र नवी आवृत्ती त्रास देत असेल, तर परतीचा रस्ता याच फोल्डरातून जातो. तो साधारण दहा दिवस खुला असतो, नंतर विंडोज स्वतःच फोल्डर काढते.

दुसरी ‘हायबरफिल डॉट सिस’ ही लपवलेली फाइल. ती सहसा रॅमच्या 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमच्या यंत्रात सुमारे 6.4 जीबी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा रोमन लिपीत (powercfg /h off) दिली की ती तत्काळ जाते. सोबत हायबरनेट (उघडे काम डिस्कवर ठेवून यंत्र बंद करण्याची सोय) आणि फास्ट स्टार्टअप (यंत्र लवकर सुरू होण्याची सोय) हेही बंद होतात. टेबलावरच्या पीसीला याने काही बिघडत नाही. लॅपटॉपवर मात्र विचार करावा, कारण झाकण मिटून ठेवलेल्या यंत्राची बॅटरी संपत आली की उघडे काम वाचवणारी हीच फाइल असते.

तिसरे म्हणजे आयफोनचे बॅकअप. आयट्यून्स हा ॲपलचा प्रोग्रॅम ते बहुधा ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात ठेवतो, त्यामुळे ते सहजी नजरेस पडत नाहीत. विकून टाकलेल्या फोनचाही बॅकअप तिथे पडून असतो. तो फोल्डरात शिरून नव्हे, आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमधील ‘डिव्हाइसेस’मधून काढावा.

आता हात न लावण्याच्या जागा. विंडोजच्या आत ‘विनएसएक्सएस’ हा फोल्डर भलामोठा दिसतो. त्यातल्या पुष्कळ फाइल हार्ड लिंकने (एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव देऊन) दुसरीकडेही जोडलेल्या असल्याने एकच फाइल दोनदा मोजली जाते. दिसतो तेवढा तो नसतो. तो हाताने पुसला तर विंडोजच मोडते. त्यातले जुने अपडेट काढायला डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबून ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडावे. ‘इन्स्टॉलर’ नावाच्या फोल्डराचेही तसेच. तो निरुपयोगी वाटतो, पण रिकामा केला की पुढे प्रोग्रॅम ना अपडेट होतात, ना काढता येतात.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते दोन गफलतींमुळे. ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. नाव तात्पुरत्या फाइलींचे, पण आत असतात भरलेल्या फॉर्मच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका. सरसकट सगळ्या खुणा करत सुटलेला माणूस हे सगळे घालवून बसतो.

दुसरी गफलत वनड्राइव्हची, म्हणजे फाइली इंटरनेटवर (क्लाउडवर) ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची. त्या फोल्डरातली फाइल ‘डिलीट’ केली की ती क्लाउडवरून आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्रावरून जाते. वैयक्तिक खात्यात ती 30 दिवस वनड्राइव्हच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये असते, पुढे गेलीच. फक्त या संगणकावरची जागा सोडवायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचे. हिरव्या खुणेच्या जागी निळसर ढग आला की काम झाले. यानंतर ती फाइल उघडायला इंटरनेट लागते, हे प्रवासाला निघण्यापूर्वी आठवलेले बरे.

सी भरलेला आणि डी रिकामा, हे चित्रही नेहमीचे. प्रोग्रॅम फाइल्स ओढून डीमध्ये टाकू नयेत, प्रोग्रॅम चालणार नाहीत. व्हिडिओ, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर हलवावेत: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’, मग ‘मूव्ह’. आधी डीमध्ये त्याच नावाचा नवा फोल्डर करून तोच दाखवायचा. थेट डी ड्राइव्ह दाखवला तर अख्खा डीच ‘डाउनलोड्स’ होऊन बसतो आणि ते निस्तरणे कटकटीचे होते.

एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो आणि मोठे अपडेट अर्ध्यात अडकते. 10 ते 20 टक्के जागा मोकळी असावी.

आपल्या स्तंभांत असे सल्ले छापताना एक विनंती: प्रत्येक उपायासोबत ‘यातून काय परत मिळणार नाही’ ही ओळही द्यावी. हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने अनेकदा परत मिळते. एसएसडीत ट्रिम ही आज्ञा पुसलेली जागा लगेच मोकळी जाहीर करते. मग सहसा काहीच हाती लागत नाही. म्हणून बाहेरच्या डिस्कवर फोटो नेताना ‘कट’ नको, ‘कॉपी’ करावी. दोन्हीकडची फाइलसंख्या आणि बाइट ताडून पाहावेत, डिस्क काढून पुन्हा जोडावी, चार-दोन फोटो उघडून बघावेत. मूळ प्रत त्यानंतर पुसावी, तीही फोटोंची दुसरी प्रत आणखी कुठेतरी असेल तरच.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक