मशीनच्या तोंडाला फेस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगत होतीस त्यातलं निम्मं मला माझ्याच हसण्यात ऐकू आलं नाही, आणि तू रागावून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. हसू आता ओसरलंय. बरंचसं.

तर, कपड्यांचं लिक्विड संपलं म्हणून तू भांडी घासायचं लिक्विड घातलंस आणि थोड्याच वेळात मशीनच्या तोंडाला फेस आला. आधी साबणाच्या कप्प्यातून, मग दाराच्या कडेने, मग बाथरूमचा उंबरा ओलांडून थेट पॅसेजमध्ये. तू त्यावर बादलीभर पाणी ओतलंस, तो आणखी फुगला. मैत्रिणीने स्वतःचा टॉवेल आडवा टाकला, पिळला, तर त्यातूनही फेसच. आणि नेमके त्याच वेळी पाहुणे दारात! मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणालीस. होणारच.

मशीन बिघडलेलं नाही, आधी ती काळजी सोड. भांड्यांच्या लिक्विडला भरपूर फेस यावा अशाच बेताने ते बनवतात. मशीनच्या डिटर्जंटमध्ये उलट फेस दाबणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. ड्रममध्ये फेस माजला की कपडे गादीवर पडल्यासारखे अलगद पडतात, आपटत नाहीत, मळ तसाच राहतो. शिवाय पंपात पाण्याऐवजी फेस आणि हवा शिरते, म्हणून ते मध्येच अडून बसलं. आता कपडे बाहेर काढ आणि काहीही न घालता थंड पाण्यावर नुसतं रिन्स लाव, फेस दिसेनासा होईपर्यंत. खालचा फिल्टर उघडशील तेव्हा आधी पसरट भांडं ठेव, नाहीतर आत अडकलेलं सगळं पाणी पायावर येईल आणि मला पुन्हा हसावं लागेल.

आता तुझ्या वेंधळेपणाबद्दल. तू स्वतःला वेंधळी म्हणालीस ते मला पटलं नाही. वेंधळेपणा बघायचा तर तुझ्या बाबांचा बघ. गेल्या महिन्यात घराच्या कुलपासमोर ऑफिसचं कार्ड धरून उभे होते. आवाज येईना म्हणून उलटं करून धरलं, पुसून धरलं. शेजारचे काका मागून बघताहेत हे कळलं तेव्हा म्हणाले, 'कार्डच खराब झालंय.' आणि आत्याने पावडरचं पाकीट फोडून पावडर कचऱ्याच्या डब्यात आणि रिकामं पाकीट मशीनमध्ये टाकलं होतं, हे तर सगळ्या घराला पाठ आहे. (ती अजूनही म्हणते की अर्धी पावडर मशीनमध्येच पडली होती. नव्हती.)

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. 1970च्या दशकात एकदा ते चहा करत होते, जवळ मांजर भुकेने ओरडत होतं, आणि त्यांनी मांजराचं खाणं चमच्याने किटलीत घातलं. दुसरा कोणी असता तर किटली धुऊन गप्प बसला असता. यांनी लोकांना आपापल्या असल्या चुका डायरीत टिपून ठेवायला सांगितलं आणि त्यातून मोठं काम उभं केलं. आज विमानांत आणि हॉस्पिटलांत अपघात टाळताना त्यांचे विचार वापरतात. त्यांचं म्हणणं असं की असे घोटाळे सवयीच्याच कामात होतात. हात आपोआप चालत असतो, मन भलतीकडे असतं आणि दोन कामं एकमेकांत मिसळतात. त्यामुळे 'लक्ष कुठे होतं तुझं?' असं ओरडून काही साधत नाही, व्यवस्था बदलावी लागते. पैसे हातात पडले की लोक कार्ड विसरून निघून जायचे, म्हणून बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड बाहेर येतं आणि मग पैसे. तूही एक जादा किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेव. कचरा टाकायला बाहेर पडल्यावर मागे दार लागणं आज ना उद्या होणारच.

तुझं कालचं मात्र या जातीतलं नाही. तुझा हात बरोबर तेच करत होता जे तू ठरवलं होतंस. ठरवलेलंच चुकीचं होतं. साबण तो साबण, असं तुला वाटलं. इथे लक्ष देऊन उपयोग नाही, बाटलीवरचं वाचावं लागतं. फेस निदान पुसता तरी येतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळला की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तो आटतो तो कायमचा. दुसऱ्या कपड्याचा रंग लागलेला शर्ट मात्र वाळू न देता लगेच पुन्हा धुतलास तर वाचू शकतो.

आणि एका बाबतीत मी अजिबात हसणार नाही. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्लाचं लिक्विड एकत्र करू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगरही नको. 'दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होईल' हा विचार तुझ्यासारख्या उत्साही मुलीला हमखास सुचतो, म्हणून लिहून ठेवतेय. चुकून झालंच तर घासत बसू नकोस, सगळ्यांना घेऊन ताबडतोब मोकळ्या हवेत जा. तसंच कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं आणि कढई जागची हलवायची नाही.

मैत्रिणीला नवा टॉवेल घेऊन दे. पाहुण्यांना तूच फोन कर, ते बिचारे विषय काढायला संकोचत असतील.

आत्याला मी अजून काही बोललेले नाही. तूच सांगितलंस तर बरं. बाबांच्या तोंडून गेलं तर तिच्यापर्यंत पोचेतो तुझा फेस जिना उतरून रस्त्यावर आलेला असेल.

तुझी,
आई