मृतांच्या बाप्तिस्म्याआधी नातलगांना विचारा

संपादक महोदय,

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांच्या मंदिरात झालेला विवाह मरणाने तुटत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. 'सीलिंग' विधीने पती-पत्नी आणि मुले अनंतकाळासाठी जोडली जातात. ज्या पूर्वजांना हे विधी लाभले नाहीत, त्यांच्या वतीने पांढऱ्या वस्त्रांतले जिवंत लोक बाप्तिस्मा, म्हणजे धर्मप्रवेशाचा जलविधी, घेतात: बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेल्या कुंडात, एकेक नाव उच्चारून, पूर्ण पाण्याखाली जाऊन. तो स्वीकारायचा की नाही, हे मृतात्म्याने ठरवायचे. पितरांची ही ओढ आपल्याला परकी वाटू नये. याच ध्यासातून त्यांनी जगभरच्या वंशनोंदी जपल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म केली. हे काम फार मोलाचे आहे.

पण नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावेही या विधींत आली. ज्यू म्हणून जीव गमावलेल्याला मरणोत्तर दुसऱ्या धर्माचा विधी, हे नातलगांनी कसे सोसावे? १९९५ मध्ये मॉर्मन चर्चने हे थांबवण्याचे मान्य केले, तरी नंतरही अशी नावे सापडली. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या नातलगाची परवानगी हवी, हा चर्चचाच नियम आहे. नाव नोंदवतानाच या परवानगीची काटेकोर तपासणी व्हावी.

– एक वाचक, ठाणे