दादाच्या उजव्या डोळ्याबद्दल वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. मला आणि माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, रेटिनायटिस पिगमेंटोसा हा रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, आनुवंशिक आजार आहे. दवाखान्यात सगळे त्याला आरपी म्हणतात. निदान उशिरा झाले, पण खूण लहानपणापासून होती. दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर जळणारा रावण आम्हाला लख्ख दिसायचा. परतताना मात्र बाबांच्या सदऱ्याचे टोक हातातून सुटले की आम्ही दोघे जागच्या जागी उभे राहायचो. पोरं रातांधळी आहेत, गाजरं खाऊ घाला, असे आजी म्हणायची.

बाबांनी मामाची मुलगी केली होती. दोघांकडे एकाच सदोष जनुकाची एकेक प्रत होती, म्हणून त्यांची नजर शाबूत राहिली. आमच्या वाट्याला दोन्ही प्रती आल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा धोका चारात एक असतो. हे मला चाळिशीत, हैदराबादला जाऊन जनुकीय तपासणी केल्यावर कळले. आरपीत अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, मग कडेची नजर जाते आणि घेर आवळत येतो. आज समोर उभ्या मुलीचा चेहरा मला दिसतो, तिने पुढे केलेली वही दिसत नाही.

पण पत्र लिहायला बसले ते दादासाठी. चार वर्षांपूर्वी एका खासगी केंद्रातून त्याला फोन आला. स्टेम सेलची, म्हणजे इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींची, ट्रायल (रुग्णांवरची चाचणी) सुरू आहे, जागा थोड्याच उरल्या आहेत, तीन लाख भरा. त्याने प्लॉट विकला. पोटाची चरबी काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून त्याच दिवशी उजव्या डोळ्यात टोचल्या. सही घेतलेला कागद इंग्रजीत होता, आणि तो कोणी वाचून दाखवला नाही. तीन आठवड्यांत रेटिना सुटला. त्या डोळ्याला आता उजेडही कळत नाही. "मले वाटलं, ट्रायल म्हणजे सरकारनं पास केलेलीच असते," दादा अजून म्हणतो.

साहेब, त्याला भोळा म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्क महिलांचे हेच झाले. त्यांना मॅक्युलाचा, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाचा, आजार होता. चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या, प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले आणि तिघींची नजर गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांच्यातल्या काहींचाही आपण संशोधनात भाग घेतो आहोत असा समज होता.

आपल्याकडे नियम आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच करता येतो. संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. औषधनियंत्रकांची परवानगी लागणारी ट्रायल २००९ पासून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या ट्रायलच्या नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते, पण ती इंग्रजीत आहे, आणि तिच्यात काय शोधायचे हे दादाला सांगणारे कोणी नव्हते.

नुकसान एका डोळ्यावर थांबले नाही, आणि याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ज्याने आधी कुठल्याही पेशी डोळ्यात टोचून घेतल्या आहेत त्याला खऱ्या ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत, कारण पुढे जो परिणाम दिसेल तो कशाचा हे ठरवता येत नाही. आरपीवर पेशींचे संशोधन खरोखर पुढे चालले आहे. कॅलिफोर्नियात रेटिनाच्या पूर्वज पेशी (ज्यांच्यापासून रेटिनाच्या पेशी बनतात) डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात सोडून रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. या पद्धतीत कोणते जनुक बिघडले आहे यावर उपचार अडून राहत नाही, म्हणून आरपीच्या ८० हून अधिक जनुकांपैकी कुठल्याही जनुकाच्या रुग्णाला आशा वाटते. उद्या अशी ट्रायल भारतात आली तर दादाचे नाव बहुधा पहिल्याच चाळणीत गळेल.

मी स्वतः ट्रायलमध्ये जायला तयार आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता तपासतात, बहुतेक वेळा जास्त खराब डोळाच निवडतात, आणि मला एक ओळही जास्त वाचता येणार नाही अशी शक्यता मोठी आहे. हे सगळे समजून मी तयार आहे. जपानमध्ये कोबे इथे २०१४ साली त्वचेच्या पेशींपासून तयार केलेला रेटिनाच्या पेशींचा थर प्रथमच एका महिलेच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडल्यावर डॉक्टरांनी त्याची शस्त्रक्रिया केलीच नाही. ते वाचल्यापासून मला खरी ट्रायल ओळखता येते. तिथे थांबायची तयारी असते. दादाला ज्यांनी बोलावले त्यांनी त्याला एकही तपासणी सांगितली नव्हती.

म्हणून मागणी करते. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आठवड्यातून एक दिवस आनुवंशिक दृष्टिदोषांची ओपीडी सुरू करा. तिथे ईआरजी (रेटिनाच्या विद्युत प्रतिसादाची तपासणी) आणि नजरेच्या घेराची तपासणी व्हावी, जनुकीय तपासणी मोफत मिळावी आणि तिचा अहवाल मराठीत समजावून सांगणारा समुपदेशक असावा. गडचिरोली, यवतमाळच्या माणसाने या एका तपासणीसाठी हैदराबादची गाडी का पकडावी? नात्यातल्या लग्नांबद्दलही तिथेच बोलता येईल. लग्न ठरलेल्या माझ्या भाचीला नेमके काय सांगायचे, हे आजही आम्हाला विचारून विचारून गोळा करावे लागते आहे.

त्या ओपीडीत रुग्णांची नोंदवही ठेवा. कोणाला कोणते जनुक, किती नजर उरली, हे लिहिलेले असेल तर ट्रायल आली की संशोधक आमच्यापर्यंत येतील आणि दलालांना मधे शिरायला जागा राहणार नाही. सीटीआरआयमधल्या डोळ्यांच्या ट्रायलची मराठी यादी तिथे मिळावी, आणि फोनवर ऐकताही यावी, कारण आमच्यातल्या अनेकांना ती वाचता येणार नाही. संमतीपत्राचेही तसेच. ट्रायलच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या केंद्रांची तक्रार कुठे करायची, त्याचा एक नंबर जाहीर करा. आम्ही सहा महिने फिरलो. प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचे नाव सांगितले गेले.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल. दादाची फाईल घेऊन मी येते. आपण पंधरा मिनिटे द्यावीत आणि शक्यतो दुपारी तीनच्या आधी बोलवावे. त्या दिवसांत साडेपाचला सूर्य मावळतो, आणि त्यानंतर मला एकटीला घरी परतता येत नाही.

आपली नम्र,
आरपी असलेली एक शिक्षिका
नागपूर