आधी कारण तरी सांगा, मग आयव्हीएफ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वंध्यत्वावरचा लेख आला होता तो वाचला. लेख तसा वाईट नव्हता पण वाचून कुणालाही असंच वाटेल की मूल होत नाही म्हणजे बाईतच काहीतरी आहे आणि त्यावर औषध एकच, आयव्हीएफ, म्हणजे अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र करून तयार झालेला गर्भ पिशवीत सोडायचा. आणि त्याच्याच पुढच्या पानावर अर्धं पान जाहिरात, गुबगुबीत बाळ आणि खाली ईएमआयची सोय. घोडबंदर रोडला बसमधून मान वर करून बघितलं तरी तेच. म्हणून लिहितेय, पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त नवऱ्याच्या तपासणीचं तेवढं कापू नका.

मी काही डॉक्टर नाही. वहिनीबरोबर बरेच महिने दवाखान्यांत बसलेय, त्यात जे कळलं आणि नंतर जे वाचलं ते सांगते. वहिनीला विचारून लिहितेय. भावाला विचारलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरायचं कधी. काही न वापरता वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर डॉक्टरकडे जायचं, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच जायचं, आणि पाळीच अनियमित असेल किंवा आधी टीबी होऊन गेला असेल तर तेवढंही थांबायचं नाही. आमच्याकडे लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच हळदीकुंकवाला चौकशा सुरू झाल्या होत्या, आणि उलट ऐरोलीला आयटीत काम करणारी माझी एक मैत्रीण आहे ती अडतिसाव्या वर्षी पण म्हणते बघू पुढच्या वर्षी. बाईचं बीज वयाबरोबर कमी होतं आणि त्याचा कसही उतरतो, पस्तिशीनंतर जास्तच वेगाने, हे तिला एकदा तरी कुणी स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता कारणं. वहिनीला पीसीओएस निघालं, म्हणजे अंडं वेळेवर तयार होऊन फुटत नाही, पाळी दोन दोन महिने येत नाही. ह्यात वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी काही जणींची पाळी आपोआप लायनीवर येते. नाहीतर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलची गोळी आणि मग अंडं वाढतंय का ते बघायला एक दिवसाआड सोनोग्राफी. गंमत अशी की वहिनीने त्या गोळीची माहिती मोबाईलवर बघितली तर तिथे ब्रेस्ट कॅन्सर! रात्री रडत फोन. ती गोळी मुळात कॅन्सरसाठीचीच आहे हे खरं, आपल्याकडे वंध्यत्वासाठी वापरायला 2011 साली तिच्यावर बंदीही आली होती आणि 2017 मध्ये ती उठली, आता पीसीओएसमध्ये जगभर हीच आधी देतात. पण हे चिठ्ठी लिहून देताना दोन वाक्यांत सांगायला काय जातं?

पण सगळ्यांचं कारण हेच नसतं ना. कुणाच्या गर्भाशयाच्या नळ्या बंद असतात, आणि आपल्या देशात त्यामागे जननेंद्रियांचा टीबी बऱ्याचदा असतो, खोकला नाही ताप नाही, बाईला पत्ताच नसतो. त्यासाठी नळ्यांचा एक्सरे काढतात, एचएसजी म्हणतात त्याला, पाळी संपली की लगेचच्या दिवसांत, पिशवीत औषध सोडून ते नळ्यांतून बाहेर पडतंय का बघतात. दुखतं, थोडाच वेळ पण दुखतं, आधी पेनकिलर घ्यायची का ते विचारून ठेवा. कुणाला एंडोमेट्रिओसिस असतं, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, पाळीत कळवळून लोळायची वेळ येते आणि घरचे म्हणतात सगळ्यांनाच दुखतं. कुणाचं थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन गडबडलेलं असतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि बरेचदा गोळ्यांवर भागतं. आणि ती एएमएच नावाची रक्ततपासणी. तो आकडा कमी आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, पण त्यातून फक्त अंड्यांचा साठा किती आहे त्याचा अंदाज येतो, आपलं आपण मूल राहणारच नाही असं त्यावरून ठरत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय कितपत साथ देईल ते बघायला तो जास्त कामाचा.

तर वहिनीचं हे सगळं झालं, रक्त झालं, सोनोग्राफ्या झाल्या, एचएसजी झालं, एका ठिकाणी तर थेट आयव्हीएफचं पॅकेज हातात दिलं, आणि तोवर माझ्या भावाची एकही तपासणी झालेली नव्हती! कुणी सांगितलीच नाही, आणि ह्यानेही विचारली नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, ना सुई ना एक्सरे. मी हट्टालाच पेटले तेव्हा हा तयार झाला. लॅबमध्ये वीर्याचं सॅम्पल द्यायची लाज वाटते म्हणून घरून देतो म्हणाला. आधीच्या संबंधानंतर दोन ते सात दिवसांचा गॅप हवा आणि सॅम्पल तासाभरात पोचायला हवं, थंड व्हायला नको. घणसोलीहून ती डबी शर्टाच्या आतल्या खिशात घालून, वर जॅकेट चढवून, मे महिन्यात, साहेब ट्रान्सहार्बरच्या लोकलने ठाण्याला आले. घामाघूम. रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. वहिनी तो कागद बराच वेळ बघत बसली, बोलली काही नाही. माझ्या आईने विषयच बदलला, आदल्या आठवड्यापर्यंत हीच आई वहिनीला उपास सुचवत होती.

आयव्हीएफ वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्टट्यूब बेबी जन्माला घातली त्याला आता किती वर्षं झाली, दोन्ही नळ्या बंद असलेल्या बाईला तर तोच खरा मार्ग. पण एकदा केलं की झालंच असं नसतं, चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर यश फार कमी येतं, आणि पीसीओएसवालीला इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका जास्त असतो. ज्यांच्या नळ्या चांगल्या आहेत आणि नवऱ्याचा काउंट थोडाच कमी आहे त्यांना आधी गोळ्या, मग आययूआय, म्हणजे नवऱ्याचं वीर्य धुऊन थेट पिशवीत सोडायचं, अशा पायऱ्या असतात, हे त्या होर्डिंगवर कोण लिहिणार?

2021 च्या एआरटी कायद्यात, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांवरच्या कायद्यात, सरळ म्हटलंय की सेंटरने यशाची शक्यता, खर्च, साइड इफेक्ट, जुळं-तिळं राहण्याचा धोका हे सगळं जोडप्याला समजावून सांगायचं. नोंदणी नसेल तर सेंटर चालवताच येत नाही. बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न ही वयाची मर्यादापण त्यातच आहे. आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात, आम्हाला ते बिल हातात आल्यावर कळलं.

तेव्हा संपादकसाहेब, दोन विनंत्या. अशा जाहिराती घेता तेव्हा सेंटरचा नोंदणी क्रमांक त्यात छापायला लावा, आणि पुढच्या वेळी ह्या विषयावर लेख छापाल तेव्हा सोबतच्या फोटोत पोटाशी हात धरून बसलेली एकटी बाई नको, शेजारच्या खुर्चीत नवरा पण बसलेला दाखवा.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व