अण्णा, शक्तिमान जबलपूरला जाऊन आला

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही 'बरं झालं' एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. आभार मानूच दिले नाहीत. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांनी फौजेत सगळी नोकरी शक्तिमान चालवण्यात काढली. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून १९९६ पर्यंत हे ट्रक जबलपूरला बनले. तशाच गाडीतून बाबांना एकदा तिथं न्यायचं, एवढीच माझी इच्छा. गणपतीत जुनी शक्तिमान ओढत दुरुस्तीला तुमच्या सोलापूरच्या शेडमध्ये आणली आणि दिवाळीला निघणार असं घरी सांगूनही टाकलं. तुम्ही संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत गाडी सोडली नाही. मला तेव्हा तुमचा रागच आला होता, अण्णा.

डिझेलची टाकी उतरवून तुम्ही तळाचं डिझेल पांढऱ्या फडक्यातून गाळलंत. फडक्यावर चहाच्या चोथ्यासारखा गंज. "हे घाटात जाऊन फिल्टरमध्ये बसतंय बगा," म्हणालात. त्या दिवसापासून मी तारीख विचारायची सोडली.

आणि तो चाकाचा दिवस. बाहेरून टायर बसवून आणला होता आणि मी चाकासमोर उकिडवा बसून हवा भरत होतो. तुम्ही हातातला पाना टाकून धावत आलात, कॉक बंद केलात आणि मला दंडाला धरून बाजूला ओढलंत. टायरला रिमवर धरून ठेवणारी लॉक रिंग एका बाजूला खाचेत बसलीच नव्हती, बोटभर वर होती. ती हवेच्या दाबानं सुटली असती तर सरळ माझ्या तोंडावर. तुम्ही पिन काढून सगळी हवा सोडलीत, रिंग पुन्हा बसवलीत, चाकाला साखळी गुंडाळलीत, रिंगची बाजू भिंतीकडे केलीत आणि लांब पाइप घेऊन आडोशाला उभं राहून हवा भरलीत. रागावला नाहीत. पोराला फक्त चहा आणायला पाठवलंत. माझ्या हातातला कप तेव्हा थरथरत होता. घरी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, आता वाचतील.

मग वाळूची पोती भरून तुळजापूरचा घाट. वर पोचल्यावर तुम्ही इंजिनाकडे बघितलंही नाही. एकेका चाकापाशी जाऊन ब्रेकच्या ड्रमजवळ तळवा नेलात. मागचं डावं चाक इतकं तापलेलं, की हात लावण्याची सोयच नव्हती. ब्रेक धरून राहत होता. परत सोलापूर, परत खोलाखोल, आणखी आठ दिवस.

फौजेचा हिरवा रंग नियमानं फक्त फौजेच्याच गाड्यांना, म्हणून आपण निळा दिला. पण मागच्या डिफरन्शियलवरचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या त्या गोळ्यावरचा, पांढरा रंग तुम्हाला कुणी सांगितला होता? बाबा एकदा चहा पिताना बोलले होते, की रात्री काफिला बिनदिव्यानं चालला की पुढच्या गाडीखालचा बारका दिवा त्या पांढऱ्या गोळ्यावर पडायचा आणि मागचा ड्रायव्हर तेवढ्यावर गाडी हाकायचा. निघायच्या सकाळी बाबा वाकून खाली बघायला गेले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं गुडघा धरला. डोळे पुसत होते.

लातूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर, जिथं थांबलो तिथं बाबा आधी चारही बाजूंनी ड्रम चाचपून यायचे, मगच पाणी प्यायचे. पक्क्या रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडायचा नाही, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा नाही, ही तुमची ताकीद पाळली. जबलपुरात उतरल्यावरही बाबांनी आधी चाकांना हात लावला. "अण्णाला सांग, चारी गार आहेत," म्हणाले.

मजुरीचं तुम्ही 'बघू की' म्हणालात, ते मी ऐकणार नाही. रविवारी बाबांना घेऊन येतो. आईनं शेंगाचटणी करून ठेवलीय. मागच्या सीलमधून थोडं ऑइल येतंय, तेही दाखवायचं आहे.

तुमचाच,
निळ्या शक्तिमानवाला