पुस्तक आधी मागून उघड

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची, वेब आणि डेटाबेस शिकवणाऱ्या सात पुस्तकांची यादी मिळाली. ‘यातलं कोणतं घेऊ एवढंच सांग, भाषण नको’ हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंयस. ते वाचलं, आणि तरीही भाषण करणार आहे. या बाबतीत मी एकदा चांगला पोळलोय.

यादीतली पाच आत्ताच खोडून टाक. ज्यांच्या मुखपृष्ठावर तास आणि दिवस मोजलेत ती तीन, सगळं एकाच ग्रंथात कोंबलेलं ते जाडजूड एक, आणि ते फ्रेमवर्कवरचं, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यावरचं, एक. उरलेल्या दोघांकडे नंतर येतो.

माझं पहिलं पुस्तक तुझ्या त्या जाडजूड पुस्तकासारखंच होतं. नऊशेच्या वर पानं. पहिल्या प्रकरणात साधं वेबपान, शेवटच्या प्रकरणात अख्खं ऑनलाइन दुकान, मधे सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि चवीपुरती ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट. पोथी वाचावी तसं मी ते रोज एक अध्याय वाचलं. प्रत्येक उदाहरण हाताने टाइप केलं आणि प्रत्येक उदाहरण चाललं. मला वाटलं, आलं आपल्याला. पुढे त्याच जोरावर एका संस्थेला सभासदांची नोंदवही करून दिली. दोनेक महिने सुखाचे गेले आणि एक दिवस निरोप आला की एका बाईंचं नाव भरलं की स्क्रीनवर भलतीच एरर येते. बाईंचं आडनाव डि’सोझा.

दोन रात्री मी स्वतःची टायपिंगची चूक शोधत बसलो. चूक पुस्तकाची होती. त्यात शिकवलं होतं की फॉर्ममधून आलेलं नाव उचलायचं, दोन अवतरणचिन्हांच्या मधे चिकटवायचं आणि तयार झालेलं वाक्य डेटाबेसकडे पाठवायचं. आता नावातच ते चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं, नाव संपलं. ‘डि’ एवढंच नाव, आणि पुढचं ‘सोझा’ हा कुठला तरी हुकूम, जो त्याला कळत नाही. बाई बिचाऱ्या खरं आडनाव लिहीत होत्या. मात्र नाव शोधायच्या जागी एखाद्याने मुद्दाम ते चिन्ह टाकून पुढे ‘ऑर १ = १’सारखी (‘किंवा एक बरोबर एक’) कायम खरी ठरणारी अट लिहिली असती, तर सगळ्या सभासदांची यादी त्याच्यापुढे उलगडली असती. डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेचं नाव एसक्यूएल, म्हणून यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ही युक्ती १९९८ साली ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात जाहीरपणे छापून आली होती. माझं पुस्तक त्यानंतर कित्येक वर्षांनी निघालेलं, तरी लेखकाच्या गावी ते नव्हतं. आणि वर कडी म्हणजे पीएचपीच्या ‘मायएसक्यूएल अंडरस्कोर’ने सुरू होणाऱ्या ज्या फंक्शनांवर ते सगळं उभं होतं, ती २०१३ला पीएचपी ५.५मध्ये ‘वापरू नका’ म्हणून जाहीर झाली आणि २०१५च्या शेवटी आलेल्या पीएचपी ७मधून काढूनच टाकली. अर्धं पुस्तक एका दिवसात बाद!

तेव्हापासून मी असलं पुस्तक मागून उघडतो. शेवटची सूची काढायची आणि चार शब्द शोधायचे: प्रिपेअर्ड स्टेटमेंट, ट्रॅन्झॅक्शन (अनेक बदल एकतर सगळे होतात, नाहीतर एकही नाही), इंडेक्स, नल (रिकामी सोडलेली माहिती). प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे वर सांगितलेल्या दुखण्यावरचा उपाय. हुकूम वेगळा पाठवायचा, नाव वेगळं पाठवायचं, म्हणजे नावात काहीही असलं तरी त्याचा हुकूम होत नाही. हा शब्द सूचीत नसेल तर पुस्तक खाली ठेव. असेल पण पहिला पान क्रमांकच पाचशेच्या घरातला असेल, तरी खाली ठेव. कारण मग आधीची पाचशे पानं वाचकाला वाईट सवय लावणार आणि नंतर ‘सुरक्षा’ नावाच्या प्रकरणात ती मोडायला सांगणार. लागलेली सवय इतक्या सहज मोडत नसते, माझ्यावरून सांगतो.

गंमत म्हणजे डेटाबेसमधला इंडेक्स कळायलाही हीच सूची पुरते. सूची अक्षरानुक्रमे लावलेली असते म्हणून ‘ट्रॅन्झॅक्शन’ शब्द तू चार सेकंदांत काढतोस. पण ‘शन’ने संपणारे सगळे शब्द काढ म्हटलं तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत बोट फिरवावं लागेल. डेटाबेसचंही तेच होतं. नावाच्या सुरुवातीवरून शोध घेतलास तर इंडेक्स उपयोगी पडतो. ‘मधे कुठेही हे अक्षर असलेलं’ असं मागितलंस की साधा इंडेक्स बाजूला राहतो आणि अख्खं टेबल चाळलं जातं. चांगल्या पुस्तकात हे असं, कारणासकट सांगितलेलं असतं. वाईट पुस्तकात ‘इंडेक्स लावल्याने वेग वाढतो’ एवढ्या वाक्यावर बोळवण होते.

आता वय. तू विचारलंयस की किती जुनं पुस्तक चालेल. विषयावर आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांमध्ये मांडायच्या पद्धतीचा, शोधनिबंध लिहिला १९७० साली. त्यावरून चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा मांडली, तिचं आजचं रूप म्हणजे एसक्यूएल, ती १९७४ची. टेबलं कशी पाडायची, जोडायची कशी, एकच माहिती दोन ठिकाणी का ठेवायची नाही, यात तेव्हापासून मूळ असं फारसं काही हललेलं नाही. त्यामुळे डेटाबेसच्या रचनेवरचं वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक बिनदिक्कत वाच. ब्राउझरच्या बाजूला मात्र वर्ष बघितल्याशिवाय हात लावू नकोस. जावास्क्रिप्टचं २०१५च्या आधीचं पुस्तक नको, कारण व्हेरिएबल मांडायचे ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’, उशिरा येणाऱ्या उत्तरासाठीचं प्रॉमिस हे सगळं भाषेच्या त्या वर्षीच्या अधिकृत आवृत्तीत आलं. सीएसएसचं, म्हणजे पानाच्या रंगरूपाचं, जे पुस्तक मांडणी ‘फ्लोट’ने करायला लावतं, तेही नको, मांडणीसाठीच बनवलेला ग्रिड २०१७ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. फ्रेमवर्कवर तर पुस्तक घेऊच नये असं माझं मत. छापून हातात येईस्तोवर त्याची पुढची आवृत्ती आलेली असते. तिथे त्यांचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच वाचावं.

एक अपवाद सांगून ठेवतो. एसक्यूएल जुनी असली तरी एखाद्या विशिष्ट डेटाबेसवरचं पुस्तक शिळं होतं. मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन्स (ओळी तशाच ठेवून त्यांना क्रमांक किंवा चालती बेरीज लावणारी) २०१८च्या ८.० आवृत्तीत आली. त्याआधीची पुस्तकं ‘हे इथे जमत नाही’ म्हणून मोठा वळसा घालायला शिकवतात, आणि तो वळसा आता निरर्थक आहे.

तुझ्या वाचनालयाच्या एक्सेल तक्त्याबद्दल बोलू. तू त्यात वाचकाच्या नावापुढे ‘पुस्तक १’, ‘पुस्तक २’, ‘पुस्तक ३’ असे रकाने केलेत. कुणी चौथं पुस्तक मागितलं की काय करणार? आणि एखादं पुस्तक सध्या कुणाकडे आहे हे शोधायला तीन रकाने चाळणार? म्हणूनच म्हणतो, आधी डेटाबेसचं पुस्तक, वेबचं नंतर. वाचकांचं एक टेबल, पुस्तकांचं एक आणि देवघेवीचं एक, इतकं डोक्यात बसलं की पुढची पानं बनवणं म्हणजे हमाली आहे.

याच देवघेवीवरून ‘नल’ची परीक्षा घे. समजा, एकदाही पुस्तक न नेलेले वाचक तुला हवेत. सरळ सुचतं ते असं: ज्यांचा क्रमांक देवघेवीच्या टेबलातल्या वाचक क्रमांकांमध्ये नाही, म्हणजे ‘नॉट इन’, ते वाचक दे. तीस जण येतात, तू खूश. पुढच्या महिन्यात कुणीतरी देवघेवीची एक नोंद करताना वाचक क्रमांक रिकामा सोडतो. एकच. तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली तीच विचारणा, पुन्हा चालवलीस की उत्तर शून्य. एरर नाही, इशारा नाही, नुसतं रिकामं टेबल. कारण नल म्हणजे ‘माहीत नाही’. सतरा हा क्रमांक त्या ‘माहीत नाही’पेक्षा वेगळा आहे का? माहीत नाही. आणि ‘वेअर’मधून, म्हणजे क्वेरीतल्या अटीतून, फक्त ठाम ‘हो’ असलेल्या ओळीच पुढे जातात. ‘नॉट एक्झिस्ट्स’, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’ ही अट, वापरली की हा घोळ होत नाही. पुस्तकात नलवर दोनच ओळी असतील तर लेखकाने खऱ्या माहितीवर काम केलेलं नाही असं खुशाल समज.

तुझा दुसरा प्रश्न असा की एआयला विचारलं की कोड आयता मिळतो, मग पुस्तक कशाला? मीही विचारतो रोज. पण ती ‘नॉट इन’वाली क्वेरी समोर आली तर ती दिसायला शुद्ध असते, चालते, आणि आजचं उत्तरही बरोबर देते. तिच्यात कुठे पाणी मुरतंय ते दिसायला आधी कुणीतरी दाखवलेलं असावं लागतं.

पुस्तक हातात आलंच तर आणखी दोन ठिकाणी डोकाव. एक, लॉगिनचं प्रकरण. पासवर्ड जसाच्या तसा साठवला असेल तर प्रश्नच मिटला. एमडी५ या सूत्राने त्याचा ठसा (हॅश) करून साठवला असेल तरी तेच. तो १९९२चा, आणि मुळात झटपट चालावा म्हणून बनवलेला. आजचं ग्राफिक्स कार्ड त्याचे सेकंदाला अब्जावधी प्रयत्न करतं. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांची नावं दिसली पाहिजेत. ते त्याच कामाचे, पण मुद्दाम संथ आहेत. दुसरं ठिकाण म्हणजे पैशांचा कॉलम. तो ‘फ्लोट’ (सीएसएसमधला नव्हे, दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवला असेल तर लेखकाने कधी हिशेब जुळवलेला नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ + ०.२ करून बघ, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पैशांना दशांश अचूक ठेवणारा ‘डेसिमल’.

उदाहरणं टाइप करताना त्यातले जॉन आणि मेरी काढून टाक, तिथे आपली मराठी नावं घाल. बरेच घोळ तेव्हाच कळतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाने अक्षरं साठवायची जी पद्धत बरीच वर्षं मिळत आली ती एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देते. देवनागरीची अक्षरचिन्हं नेमकी तीन बाइटची, म्हणून आपलं भागतं आणि आपण गाफील राहतो. मग कुणीतरी शेऱ्यात हसरा चेहरा टाकतो, तो चार बाइटचा, आणि नोंद अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ घ्यायचं असतं.

तर ती उरलेली दोन. पहिलं सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’. १९८६ला पहिल्यांदा आलं, २०१९ला सातवी आवृत्ती निघाली. जाड आहे, पाठ्यपुस्तकी आहे, काही ठिकाणी जांभया येतील. सगळं वाचायचं नाही. एसक्यूएलची प्रकरणं, टेबलांच्या रचनेची दोन, मग इंडेक्स आणि ट्रॅन्झॅक्शन, बाकीचं तसंच राहू दे. त्यातल्या गणिती खुणा पाहून बिचकू नकोस. पहिल्या वाचनात त्या ओलांडून गेलास तरी चालतं, मीही गेलो होतो. दुसरं ‘इलोक्वंट जावास्क्रिप्ट’. याची चौथी आवृत्ती २०२४ची आहे आणि लेखकाने अख्खं पुस्तक नेटवर फुकट वाचायला ठेवलंय, तेव्हा आधी तिथेच वाच. बहुतेक प्रकरणांच्या शेवटी जे प्रश्न आहेत ते सोडव. उत्तरं आधी बघितलीस तर मला कळवू नकोस. पीडीएफचा ढीग जमवू नकोस, हे तुझ्या स्वभावामुळे मुद्दाम लिहितोय. गिटार शिकताना तू काय केलं होतंस ते आठव.

सराव एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर सुरू कर. सर्व्हर नाही, बसवाबसवी नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये. फक्त एवढं लक्षात ठेव की तो मायाळू आहे. आकड्यांच्या कॉलममध्ये शब्द लिहिलेस तरी निमूट ठेवून घेतो, आणि फॉरेन कीची, म्हणजे देवघेवीतला वाचक वाचकांच्या टेबलात खरंच आहे का याची, तपासणी आपण सांगेपर्यंत करत नाही. पुढे शिस्त हवीशी वाटली की पोस्टग्रेस हा काटेकोर डेटाबेस आहेच. त्याच्या डॉक्युमेंटेशनच्या सुरुवातीचं ट्युटोरियल अनेक विकतच्या पुस्तकांपेक्षा सरस आहे.

आता एक काम कर. वाचक, पुस्तकं आणि देवघेव ही तीन टेबलं कागदावर काढ, कॉलमांची नावं लिही आणि फोटो पाठव. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर त्या कुठे नोंदवायच्या, याचाही विचार करून ठेव. मी पहिल्यांदा तिथेच अडलो होतो.

तुझा,
अनिल