काका, थँक्यू! आता डबे वळणावर अडत नाहीत

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हं, बरं बरं" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

माझा एचओ लेआउट (म्हणजे खऱ्याच्या 1/87 मापाची मॉडेल रेल्वे) चार बाय आठ फुटांच्या प्लायवर, त्यामुळे वळण 18 इंच रेडियसचंच ठेवलंय, आणि सरळ रुळावर मस्त पळणारी गाडी वळण आलं की धापा टाकायची. ज्याला विचारावं तो म्हणे दुसरं इंजिन घे. तुम्ही एकटेच म्हणालात, इंजिन राहू दे, डबा दे इकडे.

डबा उलटा करून एकेका चाकाला टिचकी मारलीत. बाकीची भिरभिरत राहिली, एक जोडी मात्र लगेच थांबली. बोगीतल्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीतल्या) ज्या खळग्यात अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाकांच्या दांड्याचं, टोक बसतं तिथे प्लास्टिकची कुसं होती, तुमचं ते छोटं टूल फिरवल्यावर चिमूटभर भुगा बाहेर पडला. मग एका बोगीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केलात, म्हणजे ती डुलेल पण, आणि दुसरी नुसती डावी-उजवी वळेल. तेल अजिबात नको, धूळ धरतं, त्यापेक्षा ग्रॅफाइटची पावडर, तीही इवलीशी.

पण मला खरं आवडलं ते तुमचं गणित. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 16.5 मिमी, म्हणून पूर्ण गोलात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा साधारण 104 मिमी लांब, रेडियस कितीही असो! दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट, चाकाचा उतार थोडं सांभाळून घेतो, बाकीचं घासणारच, आणि वळण लहान तेवढं ते घासणं कमी अंतरात उरकावं लागतं. "त्याच्या नादी लागू नकोस, टोकं आणि बोगी बघ," म्हणालात. (माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांना वळणासाठी सरकणारे क्लीन-लिंडनर अ‍ॅक्सल होते हेही तेव्हाच कळलं, चहा गार झाला त्या नादात.)

आणि बरं झालं डब्यांतलं वजन काढू दिलं नाहीत. एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या) हिशोबाने एक औंस अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, त्याहून हलका डबा लांब गाडीत आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो म्हणे.

आता तेच इंजिन सगळी मालगाडी ओढतंय. फक्त दोन लांब पॅसेंजर डब्यांचे कपलर (डबे जोडणारे आकडे) बॉडीला अडतात, तर रविवारी या ना, आणि ते टूल आठवणीने आणा.